गादी उसवून दाखवणारं दुकान

आधी गुण सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. पाचपैकी चार. कापलेला एक गुण कशाचा, ते खाली येईलच.

दुकान साताऱ्यात, राजवाड्याच्या बाजूच्या एका पेठेत आहे. नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच बजावलंय. "ताई, लिहा हवं तेवढं, पण नाव नका टाकू. तुळशीच्या लग्नापर्यंतचं काम अंगावर आहे, अजून माणसं आली तर बसवू कुठं?" त्यांना सगळी पेठ चाचा म्हणते, मीही म्हणते. धंदा पिंजाऱ्याचा, आजोबांपासूनचा. जुन्या गाद्या उसवून कापूस पिंजायचा आणि परत भरून द्यायचा, हे मुख्य काम. शिवाय नव्या गाद्या, उशा, लोड, तक्के, दुलया. आणि शिलाई मशीनवर चाची बसतात म्हणून सोफ्याच्या गिरद्या आणि पोरांची मऊ खेळणीसुद्धा.

मी घरगुती डबे करते. आठवड्यातून एकदा तरी डब्यात काहीतरी भरलेलं असतंच. वांगी, कारली, ढोबळी मिरची, तोंडली, उन्हाळ्यात दोडका. त्यामुळे पोटात काही भरलंय अशा कुठल्याही वस्तूकडे मी जरा संशयानंच बघते. वरून सगळं छानच दिसतं हो. हॉटेलातलं भरलं वांगं वरून तेलानं चमकत असतं आणि फोडलं की आत नुसतं बेसन, तेही कच्चं. कूट महाग, खोबरं महाग, तीळ महाग, मग काय करणार. या दुकानाबद्दल लिहावंसं वाटलं ते एवढ्यासाठीच, की इथे पोट आधी उघडतात आणि भावाचं मग बोलतात.

नवरात्राच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण काढतात, तेव्हा मी दोन गाद्या, उशा, एक दुलई आणि नातीचा हत्ती असं सगळं टेम्पोत घालून नेलं. मुलाचं म्हणणं होतं, कशाला जुनं उकरतेस, फोमची घे. फोमचीही घेतली होती की, एका मोठ्या कंपनीची, दहा वर्षांच्या वॉरंटीवर. तिसऱ्या वर्षी मधे खड्डा पडला. तक्रार केल्यावर एक मुलगा पट्टी घेऊन आला, गादीवर दोरी ताणून खड्डा मोजला आणि म्हणाला, "मॅडम, पाऊण इंच आहे. एक इंचाच्या वर असता तर बदलून दिली असती." आत नेमकं काय आहे विचारलं, तर "चाळीस डेन्सिटी". डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो फोम, एवढंच. गादी कडक की मऊ हा वेगळाच हिशोब असतो, आणि तो विकताना कुणी सांगत नाही. खोळीला चेन होती, पण ती उघडली तर वॉरंटी बाद. म्हणजे आपल्याच पैशाची वस्तू, आणि आत डोकावायची सोय नाही.

चाचांकडे पहिलं काम वजन. आढ्याला काटा लटकवलेला आहे. मोठी गादी १४ किलो भरली, लहान ९. आकडे खडूनं दाराच्या फळीवर लिहिले, कागदावर नाही. मग दाभणानं एका कडेचे टाके तोडून हात आत घातला आणि मूठभर कापूस माझ्या हातावर ठेवला. मोठ्या गादीचा कापूस पिवळट पडलेला, पण बोटांनी ओढला तर तंतू लांब निघत होता. "हा तुमच्या लग्नातला असंल," म्हणाले. होताच. माझ्या वडिलांनी उभं राहून भरून घेतलेली गादी ती.

लहान गादी तयार विकत आणलेली होती, लग्नसराईत रस्त्याच्या कडेला मांडून बसतात त्यांच्याकडून. तिची कड उसवली तर वर दोन बोटं पांढऱ्या कापसाचा थर, आणि त्याखाली निळा, लाल, राखाडी असा गिचका. त्यात बनियनच्या कापडाचे तुकडे अख्खे दिसत होते. चाचांनी समजावून सांगितलं. होजिअरीच्या कारखान्यातल्या कातरणी मशीनमध्ये फाडून हा माल करतात. तंतू तुटून इतका आखूड होतो, की पिंजला तरी फुगत नाही, चार महिन्यांत परत गोळे. "पिंजून देतो म्हणालात तर देईन. पण उन्हाळ्यात परत शिव्या द्यायला याल." नऊ किलोच्या पिंजाईचे पैसे त्यांनी आपणहून सोडले, हे मला नोंदवायचंय. रंगीत माल मी तिथेच टाकला आणि नवा कापूस भरायला सांगितलं.

पिंजायचं मशीन मागच्या खोलीत. दातेरी रूळ, मोटर, आणि कापूस पुढे सरकवायला एक फळी. मोटर सुरू झाली की दोन मिनिटांत खोलीतलं काही दिसत नाही. इकडून दाबून खापरी झालेला कापूस घालायचा, तिकडून हातभर उंच थर बाहेर. कापसाचा तंतू मुळात सरळ नसतो, त्याला अंगचा पीळ असतो, म्हणून त्यात हवा राहते. वर्षानुवर्षं अंगाचं वजन, घाम, पावसाळ्यातली ओल, यानं तंतू एकमेकांत अडकून चपटे बसतात. ऊन दाखवलं की ओल जाते आणि थोडा जीव येतो, पण एकदा खापऱ्या झाल्या की उन्हानं भागत नाही. तंतू सुटे करायलाच लागतात.

रुळाखाली एक पत्रा असतो, त्यावर धूळ पडते. आमच्या गादीतून माती, केस, एक सेफ्टीपिन आणि पंचवीस पैशांचं नाणं निघालं. पिंजलेला कापूस काट्याला लावला तर साडेबारा किलो. मी तोंड उघडायच्या आत चाचांनी पत्र्यावरची घाण पोत्यात भरली आणि तेही पोतं काट्याला लावलं. दीड किलो. "कापूस कुठं गेला म्हणून लोक भांडतात, म्हणून घाणपण मोजून दाखवतो." भाजी-किराण्यापासून गॅसपर्यंत रोज कुणाशी ना कुणाशी मापावरून वाद घालणाऱ्या माझ्यासारखीला अजून काय पाहिजे!

भिंतीवर हातानं कापूस पिंजायची जुनी कमान टांगलेली आहे, माणसाच्या उंचीची, तात सैल पडलेली. आजोबा ती खांद्यावर टाकून कोरेगाव, मेढा, वाईकडच्या गावांत फिरायचे, ज्याच्या घरी गादी त्याच्या ओसरीवर बसून पिंजायचे. मुंबईचा कुणी सजावटवाला ती मागून गेला. दिली नाही. मी छेडून बघितली, आवाज आला नाही. असो.

एक गोष्ट मात्र मला खटकते. चाचा तोंडाला फक्त गमछा बांधतात. कापसाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते, सूतगिरण्यांतल्या कामगारांचा बिसिनोसिस हा आजार त्यातलाच. मी चांगले मास्क नेऊन दिले. एक त्यांनी माझ्यासमोर लावला, पुढच्या वेळी गेले तेव्हा तो कमानीच्या खिळ्याला लटकत होता.

आता दुलईबद्दल, कारण बघण्यासारखं काम ते. मला वाटायचं खोळीच्या तोंडातून कापूस आत कोंबत असतील. तसं नाही. खोळ उलटी करून जमिनीवर पसरतात. तिच्यावर, म्हणजे बाहेरच्या बाजूनं, पिंजलेल्या कापसाचे पातळ थर एकावर एक मांडतात, कडांना किंचित जास्त. मग बंद टोकाकडून खोळ आणि कापूस दोन्ही मिळून घट्ट गुंडाळत आणतात. शेवटी मोकळं तोंड त्या गुंडाळीवरून उलटवतात आणि गुंडाळी सोडत जातात. सोडून झाली की खोळ सुलटी आणि कापूस आत, थर जसाच्या तसा. मी तीनदा विचारलं तरी डोक्यात शिरलं नव्हतं, चौथ्यांदा त्यांनी हातरुमालावर कापसाचा एक पेळू ठेवून करून दाखवलं. त्यानंतर लांब बारीक काठीनं हलके फटके मारत कापूस सारखा करतात आणि मगच टाके घालायला बसतात. टाके मधून सुरू, कडेकडे जात. उलट केलं तर कापूस मधे गोळा होतो. दुलई दीड किलोचीच करा म्हणाले, साताऱ्याच्या थंडीला तेवढी पुरते, आणि त्याहून जड केली की पांघरणारा रात्रभर ती ढकलत बसतो. बरोबर निघालं.

उशांना मी सावरीचा कापूस मागितला. हा आपल्या शेताच्या कापसासारखा नाही. सावरीचं झाड, लाल मोठी फुलं येतात ते. एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटून कापूस उडायला लागतो. तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट, त्यामुळे हलका, आणि पाणी चटकन धरत नाही. पूर्वी जहाजांवरच्या तरंगत्या जॅकेटांत याच्याच भाऊबंदाचा कापूस भरायचे. सूत मात्र याचं निघत नाही, तंतू गुळगुळीत आणि ठिसूळ. म्हणून मशीनमध्येही घालायचा नसतो, भुगा होतो. हातानंच मोकळा करून सरकी काढतात. किलोला ४५० रुपये सांगितले. त्या भावात भेसळ तर होणारच, म्हणून मी विचारलं. चाचांनी एक झुबका घेतला, मला दुकानाबाहेर रस्त्यावर नेलं, कारण आत काडी पेटवायला सक्त मनाई, आणि पेटवला. भुरकन जळून नुसती राख उरली. मग कृत्रिम फायबरचा झुबका पेटवला, तो वितळून काळा टणक मणी झाला. घरी उशी उसवून बघायची तुमची तयारी असेल तर ही परीक्षा तुम्हीही करू शकता, फक्त अंगणात करा आणि मणी थंड झाल्याशिवाय हात लावू नका.

एका उशीला ९०० ग्रॅम कापूस घातला. मी म्हटलं, किलोभर घाला की. नाही म्हणाले. आणि हे मला लगेच पटलं, कारण वांग्यातही सारण ठासून भरलं की शिजताना वांगं उलतं, मसाला रश्शात आणि हातात नुसती सालं. उशीत जागा राहिली तर डोकं त्यात बसतं, नाहीतर मान रात्रभर अधांतरी. खोळीचं कापड मात्र त्यांनी जाड, घट्ट विणीचं घ्यायला लावलं. सावरीचे तंतू पातळ कापडातून बाहेर येतात आणि सकाळी नाकात जातात. ही उशी धुवायची नाही, फक्त उन्हात टाकायची. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी त्या भानगडीत पडू नये.

आता हत्ती. नातीचा करडा हत्ती, गब्बू नाव, जत्रेतल्या ठेल्यावरून आणलेला. एक पाय पोकळ झालेला आणि पाठीतून काहीतरी कुरकुरायचं. चाचींनी पाठीची शिवण उसवली आणि पोटातलं सगळं परातीत काढलं. फोमच्या रंगीत गाठी, थर्माकोलचे मणी आणि कुठल्यातरी पाकिटाच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. पोरगी हे रोज तोंडाशी धरून झोपत होती. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली आहे. मऊ खेळण्यात काय भरलंय, डोळे ओढले तर निघतात का, हे त्यात तपासतात. पण जत्रेत खूण कोण बघतं? लाल कापडाचे कान दिसले की पोर हटून बसतं.

चाचींनी मला कातडं तेवढं घरी धुऊन वाळवून आणायला सांगितलं. मला वाटलं, पिंजाऱ्याचं दुकान, भरतील कापूस. चाचा स्वतःच म्हणाले, "खेळण्याला कापूस नको. पोरं लाळ गाळतात, दूध सांडतात. कापूस आतून ओलाच राहतो, वास मारतो. फायबर धुतलं की वाळतं." स्वतःच्या धंद्याच्या मालाला नको म्हणणारा दुकानदार मी तरी फार बघितलेला नाही. पांढरं नवं फायबर ३५० ग्रॅम लागलं. आधी सोंड, मग पाय, मग डोकं, पोट सगळ्यात शेवटी. सोंडेत पळीच्या दांड्यानं थोडं थोडं सारत नेलं. नातीला समोर बसवून विचारलं, "कितना कडक पाहिजे?" तिनं फर्मावलं, पोट मऊ आणि पाय कडक, कारण त्याला उभं राहायचंय. तसं केलं. चिकटवलेले प्लॅस्टिकचे डोळे चाचींनी दोन्ही उपटले आणि काळ्या दोऱ्यानं भरून दिले. नातीनं आधी तोंड फिरवलं. आता म्हणते गब्बूला झोप आलेली आहे. पाठीची शिवण अशी घातलीय, की दोरा कुठून कुठे गेला ते भिंगानं बघितलं तरी कळायचं नाही. मजुरी आणि माल मिळून १५० रुपये.

सामान न्यायला गेले ती वेळ दुपारच्या जेवणाची होती. चाचींच्या डब्यात भरली कारली, प्रत्येकाला पांढरा दोरा गुंडाळलेला. बघते तर गादीच्या रिळाचाच दोरा. आग्रह करून एक वाढलं. आत वाटलेली हरभऱ्याची डाळ, कांदा, चिंचेचा कोळ, भरपूर धने. मी कूट आणि गूळ घालते, त्या गुळाच्या वाटेला जात नाहीत, कडू ते कडूच ठेवतात. खिम्याची वेगळी असतात, ती शुक्रवारी. मला डाळीचं फार आवडलं. डाळ कोळ शोषून घेते आणि सारण सुटत नाही. तेव्हापासून माझ्या डब्यातली कारलीही दोऱ्यात असतात. दोरा बिनरंगाचाच घ्या, आणि ताट वाढायच्या आधी सोडा. माझ्या एका गिऱ्हाइकानं दोऱ्यासकट खाल्लं आणि फोन करून विचारलं, ही कुठली भाजी.

आता कापलेला गुण. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी देतो म्हणाले होते, गाद्या मिळाल्या अष्टमीला. मधल्या काळात फोन उचलला नाही. मशीन चालू असताना ऐकू येत नाही हे मान्य, पण रात्री मशीन बंदच असतं की. घरी दसऱ्याला पाहुणे येणार, आणि तोवर आम्ही सतरंजीवर. शिवाय लहान गादीच्या बाजूच्या पट्टीला त्यांनी न विचारता दुसऱ्याच रेघांचं उरलेलं कापड लावलं. चादरीखाली दिसत नाही, पण विचारायला हवं होतं. पावती म्हणजे चिठ्ठीवर एक आकडा. तपशील मी दाराच्या फळीवरून स्वतः उतरवून घेतला, पुसायच्या आत.

तो असा. मोठी गादी: पिंजाई १४ किलो, ४० रुपयांनी ५६०. नवा कापूस दीड किलो, २२० नं ३३०. खोळ ६५०, शिलाई आणि टाके ५००. एकूण २०४०. लहान गादी सगळ्या नव्या कापसाची, ती २८८० ला पडली. फोमची ऑनलाइन गादी याच्या आसपास मिळते, खोटं कशाला बोलू. पण मोठी गादी अजून पाच-सहा वर्षांनी परत पिंजता येईल, आणि फोमला पिंजायचं म्हणजे काय पिंजणार?

ज्यांना मऊ, आत रुतणारी गादी लागते त्यांनी कापसाच्या वाटेला जाऊ नये. ही कडक असते. पहिला आठवडा तर उंचही वाटते, मग बसते. दम्याचं माणूस घरात असेल तर सामान स्वतः पोचवायला जाऊ नका, कुणाला तरी पाठवा. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्यांनी उन्हाचा विचार आधी करावा, कारण महिन्यातून एकदा १४ किलोचं धूड गच्चीवर न्यायचं असतं आणि लिफ्टमध्ये ते मावत नाही.

कधी जावं: आषाढ-श्रावणात नाही, तेव्हा हवेतली ओल कापूस धरतो म्हणून चाचा स्वतःच मशीन लावत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर लग्नाच्या गाद्यांची रांग लागते. पौष सगळ्यात बरा, लग्नं नसतात, थंडीच्या दुलया देऊन झालेल्या असतात आणि ऊन कोरडं असतं. गादी उसवताना समोर उभं राहायला मिळतं, तेवढा वेळ काढूनच जा. पैसे रोख किंवा यूपीआय, दोन्ही चालतात. गाडी दुकानासमोर लावू नका, सीटवर कापूस बसतो. आणि काळे कपडे घालून तर अजिबात जाऊ नका.